टॉवेलाबाहेरचा भाव

बैलबाजारात दोन पुरुष एकमेकांचा हात हातात घेऊन उभे असतात आणि वर टॉवेल टाकलेला असतो. नवख्या माणसाला वाटावं, काय प्रेम आहे बघा! टॉवेलाखाली भाव चाललेला असतो. बोट दाबायचं, सोडायचं, पुन्हा दोन बोटं दाबायची. कोणत्या बोटाचे किती हजार ते त्या दोघांनाच ठाऊक. तोंडाने बोलायचं ते भलतंच. पाऊसपाणी, सोयरीक, कुणाच्या पोराला नोकरी लागली का. मग टॉवेल निघतो, एकजण बैलाच्या पाठीवर थाप मारतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या दहा माणसांना पत्ता लागत नाही की जोडी कितीला गेली. आमच्याकडे हे असंच चालत आलं आहे. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं, कारण तेव्हा मला बैल विकायचे नव्हते.

विकायची वेळ आली तेव्हा कळलं की हा बाजार माझ्यासाठी बंद आहे. बायकांनी येऊ नये अशी पाटी कुठे लावलेली नाही. पाटी असती तर निदान भांडता आलं असतं. पण परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन टॉवेलाखाली बोटं दाबत उभी राहील अशी बाई आमच्या पंचक्रोशीत अजून जन्मलेली नाही, आणि मीही ती नव्हे. त्यामुळे बैल बाईचा असला तरी भाव पुरुषाच्या हातात.

माझा नवरा गोऱ्हे घडवायचा. 'घडवायचा' हा त्याचाच शब्द. घाटनांदूरच्या अलीकडे आमची चार एकर जमीन आहे, निम्मी मुरमाड. तिच्यावर पोट भरणं अवघड म्हणून तो लाल कंधारी जातीच्या गोऱ्ह्यांची जोडी आणायचा, वेसण घालायचा, खांद्याला जू सोसवायचा, पिकाच्या ओळीतून सरळ चालायला शिकवायचा आणि चार दाती, म्हणजे तीनेक वर्षांची, झाली की विकायचा. शिकवताना एका बाजूला तो असे आणि दुसऱ्या बाजूला मी. तो एका जुन्या दुखण्याने गेला तेव्हा दावणीला एक जोडी अर्धी शिकलेली होती. उरलेलं शिक्षण मी पूर्ण केलं.

तो गेल्यावर लोक आले. आले म्हणजे रीघ लागली. कुणी ज्वारी आणली, कुणी साडी, कुणी नुसतेच उसासे. एका पुढाऱ्याने शिलाई मशीन दिलं, फोटोसकट. मला शिवण येतं का, हे कुणी विचारलं नाही. ते मशीन अजून आहे, त्याच्यावर मी सरकी पेंडेचं पोतं ठेवते. या मदतीत एक गंमत होती. ज्याने ज्याने काही दिलं त्याला त्याला मला काहीतरी सांगायचा हक्क मिळाला. पायलीभर ज्वारी देणारी बाई मला सांगायची, हिरव्या बांगड्या बऱ्या दिसत नाहीत. साडी देणारा सांगायचा, पोरीला आता शिकवू नका, उजवून टाका. मी खाली मान घालून हो म्हणायचे. घरात ज्वारी असली आणि ती दुसऱ्याची असली की मान आपोआप खाली जाते, हे मला त्या वर्षी कळलं.

धाकटे दीर मात्र वेगळे. त्यांचं घर आणि शेत बांधाच्या पलीकडे. खरं सांगायचं तर सोन्यासारखा माणूस. दवाखान्यात अकरा दिवस तेच उशाशी होते. वारसाच्या कागदांसाठी तहसीलला खेटे त्यांनीच घातले. जाऊबाई भाजी केली की वाटी बांधावरून इकडे द्यायची, आणि मीही तिकडे द्यायचे. सणाला आमचं ताट त्यांच्याच घरात. माझी मुलगी तेव्हा अंबाजोगाईला शिकत होती, त्यामुळे घर म्हणायला मला तेच घर होतं. म्हणून पहिली जोडी विकायची ठरली तेव्हा कासरा त्यांच्याच हातात गेला, यात नवल काहीच नाही.

मी बाजारात लिंबाखाली उभी राहिले. दिरांनी दलालाच्या हातात हात दिला, टॉवेल पडला, टॉवेल निघाला, माझी जोडी गेली. दिरांनी भाव सांगितला. असल्या जोडीला त्यापेक्षा बरंच जास्त येतं, एवढं मला घरात बसूनही माहीत होतं.

"घेनारा आपला मानूस हाय, वैनी," दीर म्हणाले. "निवडणुकीत लई कामाला येतोय. त्याचा लिहाज ठिवावा लागतोय. उद्या आपल्यालाच उपेगी पडंल."

त्यांनी एक रुपया खाल्ला नव्हता. सगळी रक्कम माझ्या हातात ठेवली, परत जाताना चहा पाजला. चोरी झाली असती तर मला बरं वाटलं असतं, मग राग कुणावर काढायचा ते तरी ठरलं असतं. पण झालं होतं ते असं : आठ महिने मी त्या गोऱ्ह्यांमागे चालले, त्या चालण्यातला एक वाटा दिरांनी दुसऱ्याचा मान राखायला देऊन टाकला, आणि देण्याआधी मला विचारावं असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. दान करायला माझी ना नव्हती. फक्त ते माझ्या हाताने व्हायला हवं होतं. वस्तू माझी आहे म्हणजे काय, तर 'देते' आणि 'देत नाही' हे दोन्ही शब्द माझ्या तोंडात आहेत. ते तोंड दुसऱ्याचं असेल तर बैल माझ्या दावणीला बांधले काय आणि त्यांच्या दावणीला बांधले काय.

पुढची जोडी तयार झाली तेव्हा मी दिरांना काही सांगितलं नाही. इथे माझी चूक झाली, आजही मान्य करते. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी समजावलं असतं, आणि त्यांचं समजावणं इतकं मायेचं असतं की मी ऐकलं असतं. म्हणून पहाटे पिकअप सांगितला, जोडी चढवली आणि निघाले. रस्त्यात परळीच्या वीजकेंद्राकडून येणाऱ्या राखेच्या गाड्या, सगळ्या अंगावर पांढरी धूळ. बाजारात उतरले तेव्हा बैल आणि मी सारखेच भुरके दिसत होतो.

एक म्हातारा दलाल खांद्यावरचा टॉवेल सावरत आला. मला पाहून थबकला. इकडे तिकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "बाई, घरचं कोनी बाप्या मानूस न्हाई का सोबत?"

"हाय की. पर बैल माजे हायत."

"आन भाव?"

मी भाव सांगितला. मोठ्याने सांगितला. माझा आवाज मुळात बारीक नाही, आणि त्या दिवशी घाबरल्यामुळे तो आणखी चढला. आजूबाजूचे टॉवेल जागच्या जागी थांबले. मग कुणीतरी हसलं आणि हसणं पसरत गेलं. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "काय बे, ह्यांच्या घरातले बाप्ये मेले का समदे?" मी तो भाव दिवसभरात किती वेळा सांगितला असेल कोण जाणे. माणसं येत, बैलांचे दात बघत, खांदा दाबत, भाव ऐकत आणि जणू मी काही अचकट विचकट बोलले असं तोंड करून निघून जात. दिवस कलला तशी मी जोडी परत चढवली.

घरी दीर अंगणात उभे होते. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"कावून गेलतात तुमी?"

"माजे बैल घिऊन गेलते, भावजी."

"मी मेलोय का?" त्यांचा आवाज कापत होता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "म्या जित्ता असताना तुमी बाजारात वरडलात. लोक मला इचारत्यात, तुमी वैनीचे पैसे खाल्ले का म्हनून. म्या खाल्ले का? सांगा."

"न्हाई खाल्ले."

"मंग?"

 मी एवढंच म्हणाले, की भाव मला बोलायचा होता.  त्यांना खरंच कळलं नाही. नवरा गेल्यापासून त्यांनी माझं ओझं उचललं होतं आणि मी म्हणत होते, ओझं खाली ठेवा, ते माझं आहे. कुणालाही लागावं असंच ते होतं. दुसऱ्या दिवसापासून बांधावरून भाजीची वाटी येणं बंद झालं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. त्या वेळी एक मेंढपाळ नवरा-बायको आले. दोन एकराचा तुकडा विकत घेतला होता आणि पहिल्यांदाच शेती करणार होते. नवऱ्याची नजर दलालाला शोधत होती, पण बायकोने सरळ मलाच विचारलं, "कितीला देतीस?" मी भाव सांगितला. ती म्हणाली, "इतकं कुठं असतंय का!" आणि आम्ही दोघी भिडलो. ती चढत होती, मी उतरत होते, तिचा नवरा आणि निम्मा बाजार तोंडाकडे बघत उभा. तिने दोन्ही बैलांच्या तोंडात हात घालून दात पाहिले, खुरं उचलून पाहिली, शेपटीखाली पाहिलं. माझं कपाळ मात्र पाहिलं नाही. नवरा कशाने गेला, पोरीचं लग्न का केलं नाही, हे काही विचारलं नाही. नवरा गेल्यापासून माझ्याशी माझ्या कामाविषयी बोलणारं ते पहिलं माणूस. सौदा झाला तेव्हा तिला वाटत होतं तिने मला उतरवलं, मला वाटत होतं मी तिला चढवलं, आणि दोघीही खूश होतो. कुणीच कुणावर उपकार केले नव्हते. मी मान वर करून घरी आले.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं, आणि ते मी कुणालाही सुनावते. बाजार निर्दय असतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा दयेवर जगून पाहावं. मला मदत नको, मला गिऱ्हाईक हवं. मदत करणारा मला विचारतो, तू कशी वागतेस? गिऱ्हाईक विचारतं, तू काय आणलंस? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी कष्टाने सुधारू शकते. पहिल्याचं उत्तर शेवटपर्यंत दुसऱ्यांच्याच हातात राहतं. गिऱ्हाईकाला नाही म्हणता येतं, मलाही नाही म्हणता येतं, आणि दोघांच्या खिशात 'नाही' असताना निघालेला 'हो' हा खरा हो. व्यवहारात फायदा आहे म्हणून मी त्याची बाजू घेत नाही. फायदा तर आहेच. पण त्यात समोरच्याला माणूस धरावं लागतं, त्याला फसवून किंवा दाबून एकदाच विकता येतं, दुसऱ्यांदा नाही. हे मला नीतीच्या कुठल्याही कीर्तनापेक्षा जास्त पटतं.

म्हातारा दलाल पुढे एकदा चहाच्या टपरीवर भेटला. दलाली बुडाली म्हणून माझ्यावर असलेला त्याचा राग गेला होता, किंवा वयाने थकला होता. म्हणाला, "बाई, तुमी भाव उगडा केला. बरं केलं. पर टॉवेल कशासाठी होता ठाव हाय का? पोरीचं लगीन तोंडावर आल्यालं मानूस पडत्या भावात बैल इकतं. चारचौघात त्याची लाज जाऊ नये म्हनून होता त्यो."  त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. टॉवेलाखाली फसवणूक झाकली जायची तशी गरजही झाकली जायची. मी एकीवरचा कपडा ओढला तेव्हा दुसरीही उघडी पडली असणार.  एवढंच म्हणेन, की माझी लाज झाकायला कुणी टॉवेल आणला नव्हता.

हळूहळू लोक बाजाराऐवजी घरीच यायला लागले. सोयाबीन गुडघाभर झालं की ट्रॅक्टर आत घालता येत नाही, तिथे शांत चालीची जोडी लागते, आणि तशी जोडी माझ्याकडे मिळते हे पाटोद्यापर्यंत पसरलं. कुणी मला ते करायला सांगितलं नव्हतं. लोकांना काय हवंय ते लोक विचारत गेले आणि मी तसं शिकवत गेले. आता फोन येतात. बायकांचे जास्त. भाव फोनवरच सांगते, सगळ्यांना एकसारखा, मग समोरासमोर काय घासाघीस व्हायची ती होते. मुलगी याच पैशावर शिकली आणि पुण्याला नोकरीला लागली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे लिहिणं लबाडीचं होईल. व्यवहार पुरा झाला की माणूस जातो. तेच त्याचं चांगलेपण आहे आणि तेच मला खायला उठतं. गिऱ्हाईक येतं, तास दोन तास अंगण भरून जातं, मी तरतरीत होते, चेष्टामस्करी करते. मग ते बैल घेऊन निघतात, पाहुणचाराला कुणी थांबत नाही, थांबायचं कारणच उरत नाही. दावण रिकामी आणि घरही. मुलगी रविवारी फोन करते, अर्धा तास बोलते, तिचीही कामं असतात. कुणाचं माझ्याकडे काही राहिलेलं नाही, कुणाकडे माझं काही राहिलेलं नाही. पूर्वी मी हे छातीठोकपणे सांगायचे. आता सांगते, पण आवाज तितका चढत नाही.

बांधापलीकडे सगळं दिसतं. पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा मांडवाचे खांब मला माझ्या दारातून मोजता येत होते. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली, गावातल्या सगळ्यांना आली तशी. ज्याला मी न्हाऊ-माखू घातलं त्याच्या लग्नात मी गावकऱ्यांच्या पंगतीत जेवले. जाऊबाईने वाढताना "अजून घ्या" म्हटलं. मला "घे" म्हणणारी बाई ती. मी एक पुरी घेतली आणि पंगत उठेपर्यंत तिचे तुकडे करत राहिले.

या पावसाळ्याच्या तोंडाला दीर माझ्या अंगणात आले. सात वर्षांनी. मी शेण भरत होते, हात तसेच राहिले. त्यांचे केस पांढरे झालेले मी लांबून पाहिले होते, जवळून पहिल्यांदाच पाहिले. त्यांचा एक बैल उन्हाळ्यात गेला होता आणि दुसरा म्हातारा झाला होता. आता नव्या जोडीशिवाय ओळींमधलं तण काढायची कोळपणी होणार नव्हती.

"जोडी हाय का इकायला?" त्यांनी बैलांकडे बघत विचारलं.

"हाय."

त्यांनी दात पाहिले, खांदा दाबून पाहिला. जोडी चांगली होती, आजवरच्या माझ्या जोड्यांमधली सर्वांत चांगली. ते बाजारात जाऊ शकले असते. आले माझ्याकडे, कारण माझा माल चांगला होता. राग होता तसाच ठेवूनही ते आले. मला तेव्हा वाटलं, बाजार एवढं तरी करतो, न बोलणाऱ्या दोन माणसांना दहा मिनिटं समोरासमोर उभं करतो. आणि खरं सांगते, त्या दहा मिनिटांवर मी फार मोठी आशा लावून बसले.

"कितीला?"

मला काय काय वाटून गेलं! फुकट न्या म्हणावं? ते घेणार नाहीत, आणि घेतले तर ते उपकार होतील, ज्यांचा मला इतका तिटकारा. कमी सांगावा? त्यांना वाटेल वैनी दया दाखवते. शेवटी मी सगळ्यांना सांगते तोच भाव सांगितला. त्यात उतरायला जागा ठेवली होती, भरपूर ठेवली होती. ते म्हणतील, 'लई होतंय, वैनी.' मी म्हणेन, 'बघा की जोडी कशी हाय.' ते बाजेवर बसतील. मी चहा टाकेन. तासभर तरी भांडू. भांडता भांडता सात वर्षांचं काहीतरी तोंडातून निघेल त्यांच्या किंवा माझ्या.

"ठीक हाय," ते म्हणाले आणि खिशात हात घातला.

"आवं, बोला की कायतरी," मी म्हणाले. मला राहवलं नाही. "एवढ्यात घेत्यात का कुनी? कमी करा म्हना."

"भाव तुमचा हाय. तुमी सांगितला. त्यात म्या काय बोलायचं?"

टोमणा नव्हता तो. तोंडावर काही नव्हतं. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं होतं, इतक्या वर्षांनी का होईना, आणि जसंच्या तसं मानलं होतं. मी चहाचं विचारलं तर "ढग आलेत" म्हणाले. कासरे सोडले आणि जोडी घेऊन बांध ओलांडला.

मी बैलांना पराणी टोचत नाही, बोलून चालवते. 'चल राजा' म्हटलं की निघायचं, 'होऽ' म्हटलं की जागच्या जागी थांबायचं. ती जोडी माझ्या आवाजावर वाढलेली. कोळपणीच्या पहिल्या दिवशी मी माझ्या रानात, कडेला चरणाऱ्या गाईला 'होऽ' केलं आणि पलीकडे दिरांची जोडी मधल्या ओळीत थांबली, कान इकडे करून. दिरांनी हाकारलं, कासरा झटकला, बैल हलेनात. मी पुन्हा काहीतरी ओरडले, चला म्हणून, तर ते ओळ सोडून माझ्याच बाजूला वळले आणि चार-पाच रोपं तुडवली.  दिरांनी बैल पुन्हा ओळीला लावले.

जोडी त्यांची आहे. मी विकली, त्यांनी मी सांगितलेल्या भावाने घेतली. विकलेल्या वस्तूवर माझी सत्ता नाही, माझ्या आवाजाचीसुद्धा नाही, आणि मी जे मानते ते खरं असेल तर इथेही ते खरं असलं पाहिजे. म्हणून बांधापलीकडे कोळपं चालू असेल तेव्हा मी माझ्या रानात तोंड उघडत नाही. गाईला हाताने थांबवते. मुलीचा फोन आला तर उचलत नाही, घरी जाऊन लावते. दिवस दिवस कोळपणी चालते, आणि पलीकडून दीर माझ्याच शब्दांनी बैलांना हाक देतात, चल राजा, होऽ, ते मी ऐकत राहते.